सिंदाबूर

सिंदाबूर (संदाबूर, शिंदाबूर) : गोव्याच्या कदंब राज्यातील राजधानीच्या बंदराला अरब भूगोलकारांनी व प्रवाशांनी दिलेले नाव. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने इ. स. १३४२ ते १३४४ च्या दरम्यान येथे मुक्काम केला होता. पोर्तुगीजपूर्व गोव्याचे प्रत्यक्ष पाहून केलेले वर्णन म्हणून त्याच्या मजकुराला विशेष मोल आहे.

नाव व स्थाननिश्चिती : हे नाव दहाव्या शतकात अरब लेखक मसूदीच्या लेखनात आढळते. बाराव्या शतकात अरब भूगोलकार इद्रिसीने मोठ्या खाडीवरचे, चांगल्या इमारतींचे व संपन्न बाजारपेठेचे व्यापारी नगर असे त्याचे वर्णन केले. मात्र इद्रिसी स्वतः हिंदुस्थानात आलेला नव्हता. मूळ शब्द ‘चंद्रपूर’ असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अरबीत ‘च’ आणि ‘प’ हे वर्ण नाहीत. त्यामुळे चेमूलचे (आजचे चौल) ‘सैमूर’ झाले, त्याच वळणाने चंद्रपूरचे ‘संदाबूर’ होणे स्वाभाविक आहे. चंद्रपूर म्हणजे गोव्यातील सासष्टी तालुक्यातील कुशावतीकाठचे चांदर. भोज घराण्यातील राजा देवराजाचा शिरोडा ताम्रपट येथूनच दिलेला असल्याने या नगराचे प्राचीनत्व निर्विवाद आहे.

अडचण भूगोलाची आहे. बतूताचे संदाबूर हे बेट असून त्यात छत्तीस गावे आहेत. भोवतालच्या खाडीचे पाणी ओहोटीला गोड आणि भरतीला खारट-कडू होते, असे तो सांगतो. चांदर हे बेट नव्हे. मांडवी व जुवारी या नद्यांमध्ये असलेला, पूर्वेला कुंभारजुव्याच्या खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेला तिसवाडीचा भाग मात्र या वर्णनाशी जुळतो. ‘तिसवाडी’ या नावात तीस वस्त्यांची आठवण आहे. छत्तीसशी ती तंतोतंत जुळत नसली, तरी बेटावरची गावे मोजण्याची रीत दोन्हीकडे एकच दिसते. कारवारजवळच्या काळी नदीच्या मुखाशी हे ठिकाण शोधण्याचा प्रयत्न काही जुन्या संशोधकांनी केला. तो आता मागे पडला आहे.

पाण्याचा तपशील अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. हिजरी जमादिलावल महिन्याच्या १३ तारखेपासून शाबान महिन्याच्या मध्यापर्यंत आपण तेथे होतो, असे बतूता म्हणतो. वर्ष ७४३ धरले किंवा ७४४ धरले, तरी हा काळ ऑक्टोबरच्या पूर्वार्धापासून जानेवारीपर्यंतचा ठरतो. पावसाळा नुकताच सरलेला असताना नद्यांना घाटावरून येणारे गोडे पाणी असते आणि ओहोटीला त्याचा जोर खाडीत जाणवतो. चैत्र-वैशाखात हेच पाणी वरपर्यंत खारे होते. त्यामुळे हे वाक्य ऐकीव नसून तिथल्या पाण्याची चव घेतलेल्या माणसाचे आहे, असे मानण्यास जागा आहे.

जयकेशी पहिला याच्या काळात, अकराव्या शतकाच्या मध्यास, कदंबांची राजधानी चंद्रपुराहून जुवारीच्या उत्तर तीरावरील गोपकपट्टण (गोवापुरी, आजचे गोवा वेल्हा) येथे आली. राजधानी हलली, तरी दर्यावर्दींच्या तोंडी जुनेच नाव राहिले असावे, हे मत येथे अधिक ग्राह्य वाटते. १५५४ च्या सुमारास तुर्की नाविक सिदी अलीने ‘गुवा-सिंदाबूर’ असे जोडनाव वापरले आहे, त्यावरूनही या मताला बळकटी येते.

बतूताचे वर्णन : बेटाच्या मध्यभागी दोन नगरे होती, एक हिंदूंचे प्राचीन नगर व दुसरे मुसलमानांनी वसवलेले. दुसऱ्या नगरातील मोठ्या मशिदीची तुलना तो बगदादच्या मशिदींशी करतो. ती होनावरचा (गोव्याच्या दक्षिणेचे बंदर) सुलतान जमालुद्दीन याचा पिता नाखुदा (जहाजाचा कप्तान) हसन याने बांधल्याचे तो लिहितो. गोव्यात मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती त्याआधीही होती. जयकेशी पहिल्याच्या ताम्रपटात अरब वंशाच्या छड्डम या अधिकाऱ्याने बांधलेल्या ‘मिजिगिती’चा, म्हणजे मशिदीचा, आणि तिच्या खर्चासाठी जहाजांवर बसवलेल्या कराचा उल्लेख येतो. परधर्मीय व्यापाऱ्याच्या प्रार्थनास्थळाला राजाज्ञेने उत्पन्न बांधून देणारा हा दस्तऐवज कोकणच्या इतिहासात फार मोलाचा आहे.

किनाऱ्यालगतच्या एका लहान बेटावर देवालयाच्या भिंतीला टेकून बसलेला जोगी बतूताला भेटला. त्याने पैसे नाकारले. बतूताची कवड्यांची जपमाळ मात्र घेतली आणि उलट दहा दिनार दिले. हा जोगी गुप्तपणे मुसलमान असावा, असा बतूताचा तर्क आहे. ते बेट अंजदीव असावे, असा एक अंदाज आहे.

सिंदाबूरचा राजा व त्याचा पुत्र यांच्यातील कलहाचा फायदा घेऊन जमालुद्दीनाने ५२ जहाजांनिशी चढाई केली आणि बतूता तीत सामील झाला. मागची बाजू उघडी असलेल्या दोन जहाजांत घोडे होते. स्वार आतच घोड्यावर चढून बाहेर पडत. वाड्यात आश्रय घेतलेल्या सुमारे दहा हजार लोकांना अभय देऊन नगराच्या एका उपनगरात वसवण्यात आले. पुढे बतूता परत येऊन राहिला असताना हिंदू राजाने शहराला वेढा घातला. तेव्हा बतूता तेथून निघून गेला. राजाचे नाव त्याने दिलेले नाही. हे सारे १३५५ च्या सुमारास मोरोक्कोतील फेज येथे आठवणीतून सांगून लिहून घेतलेले असल्याने त्यातील तारखा व क्रम सावधपणे घ्यावे लागतात. जिंकणाऱ्याच्या बाजूने लढलेल्याची ही साक्ष आहे, याचेही भान ठेवले पाहिजे.

उत्तरकाल : चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवा विजयनगरकडे व १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गवानच्या स्वारीने बहमनींकडे गेला. जुवारीवरील बंदर गाळाने भरत गेले आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा (जुने गोवे) येथे सरकला. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने जिंकले ते हे एळा. पोर्तुगीज ‘वेल्हा’ म्हणजेही ‘जुने’ असल्याने गोवा वेल्हा आणि जुने गोवे यांची गल्लत अनेक लेखनांत झालेली आढळते. ही दोन स्थळे तिसवाडीच्या दोन वेगळ्या बाजूंना, दोन वेगळ्या नद्यांवर आहेत. चांदर येथे उत्खननात शिवमंदिराचा पाया व मस्तक नसलेला नंदी सापडला असून गोवा वेल्हा परिसरातील कदंबकालीन अवशेषांचा संग्रह पिलार येथे आहे.