नळ (उद्यानतळ्यातील)

बागेतील तळ्यात शोभेसाठी व आडोशासाठी लावल्या जाणाऱ्या उंच पाणगवतांची निगा. या नोंदीत मुख्यतः फ्रॅग्मायटिस ऑस्ट्रॅलिस (कुल–ग्रॅमिनी) या जातीचा विचार केला असून पाणकणीस (टायफा; कुल–टायफेसी) तुलनेपुरते आले आहे. ‘नळ’ व ‘बोरू’ ही नावे मराठीत फ्रॅग्मायटिस व अरुंडो या दोन्ही प्रजातींना (जवळच्या जातींच्या गटांना) लावलेली आढळतात. अरुंडो डोनॅक्स ओलसर काठावर जोमाने वाढते, पण कायम पाण्यात फ्रॅग्मायटिसइतकी तग धरत नाही. त्यामुळे रोप घेताना शास्त्रीय नाव पाहणे इष्ट.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही जाती अरुंडो फ्रॅग्मायटिस या नावाने नोंदविली. फ्रॅग्मायटिस ही स्वतंत्र प्रजाती झाल्यावर हे जुने जातिवाचक नाव बाद ठरले, कारण प्रजातीचे व जातीचे नाव एकच असणे वनस्पतिनामकरणाच्या नियमांत बसत नाही. सध्याच्या नावातील ‘ऑस्ट्रॅलिस’ हे पद स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिल्येस यांच्या १७९९ मधील वर्णनातून आले आहे. जुन्या ग्रंथांतील फ्रॅग्मायटिस कम्युनिस ही वनस्पती हीच होय. प्रजातीच्या नावाचा संबंध कुंपण या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडतात.

खोड पोकळ व पेरेदार असून उंची सामान्यतः २ ते ४ मी., क्वचित ६ मी. पर्यंत असते. चिखलातील मूलक्षोडाला (जमिनीतील आडव्या खोडाला) प्राणवायू वरूनच मिळतो. निगेचे बहुतेक नियम या एका गोष्टीवरून ठरतात. हिरव्या पर्णावरकांच्या (पानांच्या खोडाला वेढणाऱ्या बुडांच्या) आतील दमट हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो, हवा पोकळ खोडातून खाली ढकलली जाते आणि मूलक्षोडातून फिरून जुन्या, मोडक्या खोडांवाटे बाहेर पडते. हिवाळ्यात हिरवी पाने नसतात. त्या काळात उंच मोडक्या खोडांवरून वाहणारा वारा हवा ओढून घेतो आणि तिच्या जागी ठेंगण्या खुंटांतून ताजी हवा आत शिरते. म्हणजे वाळलेला नळ निरुपयोगी नसतो. तो मुळांची श्वासनलिका असतो. छाटणी पाण्याच्या पातळीखाली झाली, तर कापलेल्या तोंडातून पाणी शिरते आणि मूलक्षोड गुदमरते. नळ हटवायचा असेल, तेव्हा भर वाढीच्या दिवसांत मुद्दाम असाच कापतात.

छाटणी हिवाळा सरताना, नवे कोंब फुटण्यापूर्वी व पाण्याच्या किमान वीतभर वर करावी. उन्हाळ्याच्या अखेरीस कापल्यास पोषकद्रव्ये मूलक्षोडात परतण्यापूर्वीच तळ्याबाहेर जातात. पाणी स्वच्छ राहण्यासाठी काही जण याच वेळेचा आग्रह धरतात. मात्र त्याने बेट दुबळे होते. नळ टिकवायचा असल्यास हिवाळी छाटणीच अधिक सयुक्तिक दिसते. पोकळ कांड्यांत कीटक हिवाळा काढतात, म्हणून एका वर्षी निम्मेच बेट कापावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपातील अनेक सरोवरांत नळाची बेटे खंगत गेली. एका मताप्रमाणे नायट्रोजनयुक्त पाण्यामुळे खोडे ठिसूळ होऊन मोडू लागली. दुसऱ्या मताप्रमाणे साचलेला पालापाचोळा प्राणवायूविना कुजून सेंद्रिय अम्ले व सल्फाइड तयार होतात, मुळांची टोके मरतात आणि वायुमार्गांत ऊतकाच्या गाठी होऊन ते बुजतात. लहान, साचलेल्या तळ्याला दुसरे स्पष्टीकरण अधिक लागू पडते. तेव्हा पाण्यात पडलेली पाने व कापलेली खोडे वेळच्या वेळी काढावीत.

मूलक्षोडाची टोके अणकुचीदार असून तळ्याचे प्लॅस्टिकचे वा रबरी अस्तर भेदतात. म्हणून नळ सैल मातीत न लावता जड, रुंद बुडाच्या, भक्कम कुंडीत लावावा. अरुंद कुंडी वाऱ्याने कलंडते. माती चिकण व खतविरहित असावी आणि वर खडी पसरावी. लागवड वसंतात करतात. नवे रोप पूर्ण बुडवू नये. कोंब वाढतील तशी कुंडी खोल सरकवावी. दोन-तीन वर्षांनी बेट फोडावे लागते. पाणकणसांपैकी टायफा लॅटिफोलिया उथळ पाण्यात व टायफा अँगुस्टिफोलिया त्याहून खोल पाण्यात वाढते. लहान तळ्याला ठेंगणे टायफा मिनिमा पुरेसे असते. तेथे नळ लावूच नये.

उत्तर अमेरिकेत नळ मूळचाच आहे. तरी तेथे अलीकडे झालेला त्याचा झपाट्याचा फैलाव यूरेशियातून आलेल्या वाणामुळे झाला, हे मत २००२ मधील जनुकीय अभ्यासानंतर सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. पेरे असलेला मूलक्षोडाचा लहान तुकडाही रुजतो. उपटलेले अवशेष ओढ्यात वा पाणथळीत टाकू नयेत, पूर्ण वाळवावेत.

पानांवर मावा पडतो. त्यातील एक जाती हिवाळा आलुबुखाऱ्याच्या झाडांवर काढून उन्हाळ्यात नळावर येते. पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन निघतो. तळ्यातील जीवांना घातक असल्याने कीटकनाशके टाळतात.