सेकंदाला पंधरा उजळण्या

गेल्या जूनमध्ये फोंड्याला बहिणीकडे होतो. बाहेर पाऊस धो धो. भाची कॉम्प्युटरवर निबंध टाइप करत होती आणि वीज गेली. सेव्ह केलेले नव्हते, दीड पान गेले. भावोजींचे निदान तयार होते : "मेमरी कमी पडली. सोळा जीबीची घालून घेऊ."

मोबाइलच्या दुकानातही हेच ऐकू येते. 'मेमरी' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत : फोटो साठतात ते कोठार, आणि काम चालते ती रॅम. रॅम दुप्पट असती तरी निबंध गेलाच असता.

वीज गेली की रॅम विसरते, हे शाळेतच शिकवतात. मला भुरळ आहे ती पुढच्या गोष्टीची. वीज असतानाही ती विसरतच असते.

आयबीएम या कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचले, की एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे. १९६८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि आजची रॅम त्याच कल्पनेवर उभी आहे. आपल्या गोव्यातल्या खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस डोळ्यांपुढे आणा, भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे ते लाकडी दार. ट्रान्झिस्टर म्हणजे मानस, कपॅसिटर म्हणजे तिच्यामागचा खड्डा. खड्डा भरलेला तर १, रिकामा तर ०. पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन. आठ जीबीत असे सुमारे ६,८७० कोटी खड्डे, आणि झाडून सगळे गळके!

मग वाचायचे कसे? दार उघडले की पाणी बाहेरच्या पाटात पसरते आणि खड्ड्यात काय होते ते पुसले जाते. म्हणजे वाचणे हेच पुसणे. यावरची युक्ती मला अजूनही थक्क करते. दार उघडण्याआधी पाट बरोबर निम्मा भरून ठेवतात. खड्डा भरलेला असेल तर पाटाची पातळी केसभर चढते, रिकामा असेल तर केसभर उतरते. पाटाच्या टोकाला बसलेला 'सेन्स अ‍ॅम्प्लिफायर' तो केसभराचा फरक हेरतो. चढली असेल तर पाट काठोकाठ भरतो, उतरली असेल तर कोरडा करतो. दार अजून उघडेच असल्याने खड्डाही तसाच भरतो किंवा रिकामा होतो. जे वाचले ते त्याच झटक्यात परत लिहिले गेले.

गंमत अशी, की दारे एकेक उघडत नाहीत. एका ओळीची सगळी दारे एकदम उघडतात, प्रत्येक आपापल्या पाटात. त्यामुळे एका फटक्यात आख्खी ओळ ताजी होते. खड्डे गळके, म्हणून हे सतत करत राहावे लागते. डीडीआर-४ या प्रकारच्या रॅममध्ये दर ६४ मिलिसेकंदांत ८,१९२ वेळा ताजे करण्याचा हुकूम सुटतो, म्हणजे साधारण ७.८ मायक्रोसेकंदाला एक. प्रत्येक खड्ड्याची सेकंदाला पंधराएक वेळा उजळणी. चिप ८५ अंशांपलीकडे तापली तर गळती वाढते, म्हणून उजळणीही दुप्पट.

प्रोसेसरच्या कुशीतली 'कॅशे' मेमरी गळत नाही. तिथे एका बिटमागे सहा ट्रान्झिस्टर एकमेकांना धरून उभे असतात. वेगवान, पण जागा खाणारी आणि महाग. पेन ड्राइव्हमधली 'फ्लॅश' मेमरी तोशिबात फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात घडवली. तिच्यात इलेक्ट्रॉन काचेसारख्या थरात कोंडलेले असतात, म्हणून वीज नसली तरी वर्षानुवर्षे टिकतात. मात्र दर वेळी लिहिताना तो थर थोडा झिजतो.

'रॅम साफ करा, फोन पळवा' म्हणणारी अ‍ॅप मी भाचीच्या फोनमधून काढून टाकली. मोकळी ठेवलेली रॅम काही कामाची नसते, आणि बंद केलेली अ‍ॅप पुन्हा उघडताना फोनला दुप्पट खटाटोप.

आणि हो, वीज गेली की रॅम त्याच क्षणी कोरी होत नाही. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले, की चिप थंड केली तर मजकूर काही मिनिटेही टिकतो. साध्या तापमानालासुद्धा काही सेकंद जातात. आम्ही अंधारात मेणबत्ती चाचपू लागलो, तेव्हा कदाचित बराचसा निबंध त्या खड्ड्यांत अजून होता. पुन्हा भरणारे कोणी नव्हते, इतकेच.