चॉकलेट वाइनमधलं दूध फाटत काहून नाही?

धरमपेठेतल्या एका स्नेह्यांच्या मुलीने युरोपातून येताना चॉकलेट वाइनची बाटली आणली. लेबलवर लाल वाइन, मलई आणि कोको. ग्लासात ओतल्यावर दिसायला मात्र थेट थंडगार कोको. चव घेण्याआधीच घरातल्या काकूंनी विचारलं, "वाइन आंबट असते म्हणता, मग यातलं दूध फाटत काहून नाही?" प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. चॉकलेट मिल्कशेकमध्ये लाल वाइन ओतून घरीच असं पेय करायला सांगणारे रील सध्या मोबाइलवर फिरतात आणि ते पाहून जे करायला जातात, त्यांचं दूध हमखास फाटतं.

आधी फाटतं कसं ते जवळून पाहू. काचेच्या ग्लासात गार दूध घ्या आणि कडेने लाल वाइनची धार सोडा. क्षणभर जांभळट रेघा फिरतात, मग काचेला बारीक कण चिकटू लागतात. थोडा वेळ ठेवलं की राखाडी-जांभळा चोथा वेगळा आणि पातळ निवळी वेगळी.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसिन असतं. ते सुटं नसतं. केसिनचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटने एकमेकांना बांधले जाऊन त्यांचे गोळे होतात. साधारण 100 ते 200 नॅनोमीटरच्या या गोळ्यांना मिसेल म्हणतात. प्रत्येक गोळ्यावर कप्पा-केसिन नावाच्या प्रथिनाची लव असते. कदंबाचं फूल डोळ्यांसमोर आणा: आत गोळा, बाहेर चहूकडे उभे तंतू. या तंतूंवर ऋण विद्युतभार असतो. दोन गोळे जवळ आले की सारखे भार एकमेकांना ढकलतात, तंतू आड येतात आणि गोळे चिकटू शकत नाहीत. दूध एकजीव राहतं ते या लवेच्या जोरावर. स्वयंपाकघरात इतकी देखणी रचना मला दुसरी माहीत नाही.

वाइन या लवेवर तीन अंगांनी चालून येते. पहिलं अंग आम्लाचं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. ताज्या दुधाचा पीएच 6.7 च्या आसपास असतो, वाइनचा साधारण 3 ते 4. मिश्रणाचा पीएच उतरत 4.6 जवळ आला की केसिनवरचे ऋण आणि धन भार बरोबरीत येतात आणि निव्वळ भार शून्य होतो. मग ढकलाढकल थांबते, तंतू आडवे पडतात, आतलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून निघून जातं आणि गोळे एकमेकांना धरतात. विरजणही हेच करतं, पण सावकाश. म्हणून दही सलग लागतं आणि लिंबू पिळलं की चोथा होतो.

दुसरं अंग टॅनिनचं, म्हणजे लाल वाइनमधल्या तुरट द्रव्याचं. प्रोलीन हे अमिनो आम्ल ज्यांच्यात जास्त, अशा प्रथिनांना टॅनिन घट्ट धरतं. आपल्या लाळेत अशी प्रथिनं असतात. टॅनिनने ती धरली की जिभेवरचं वंगण जातं आणि तोंड तुरट होतं. केसिनमध्येही प्रोलीन भरपूर, म्हणून दूध घातलेला चहा कोऱ्या चहाइतका तुरट लागत नाही. वाइन बनवणारे तर जास्तीचं टॅनिन काढून टाकायला मुद्दाम केसिन वापरत आले आहेत. तिसरं अंग अल्कोहोलचं. त्यात कप्पा-केसिनचे तंतू आकसतात. डेअरीत दूध घेताना ही गोष्ट कामी येते: दुधात तितकंच 68 टक्के अल्कोहोल मिसळायचं, कण दिसले तर ते दूध तापवल्यावर टिकणार नाही असं समजायचं.

मग बाटलीतली मलई वाचते कशी? मलई आणि मद्य एकत्र टिकवण्याचं काम व्यापारी पातळीवर आयर्लंडमध्ये जमलं. 1974 मध्ये बेलीज हे व्हिस्की आणि मलईचं पेय बाजारात आलं. अशा पेयांत मिसेलवर भिस्त ठेवत नाहीत. कॅल्शियमपासून सोडवलेलं केसिन, म्हणजे सोडियम केसिनेट, मलईत घालतात. जोडीला ट्रायसोडियम सायट्रेट असतं. ते उरलेलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि पीएच खाली येऊ देत नाही. मग हे सगळं प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलतात. दुधातल्या स्निग्धाचा थेंब सरासरी तीन-चार मायक्रॉनचा असतो. चार मायक्रॉनचा थेंब अर्ध्या मायक्रॉनवर आणला, तर व्यास आठपट कमी होतो, आणि स्टोक्सच्या नियमाप्रमाणे तो वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे 64 पट घटतो. साखरेने द्रव दाट झाला की वेग आणखी मंदावतो, म्हणून साय धरत नाही. व्हिस्की आंबट नसल्याने तिथे काम सोपं. वाइन घ्यायची तर तिच्या आम्लाचा आणि टॅनिनचा बंदोबस्त आधी करावा लागतो. मिल्कशेकमध्ये यातलं काहीच झालेलं नसतं.

दूध मुद्दाम फाडूनही पेय करतात, त्याला मिल्क पंच म्हणतात. बेंजामिन फ्रँकलिनने 1763 मध्ये एका मित्राला त्याची कृती लिहून पाठवली होती: ब्रँडी, लिंबू, साखर, जायफळ आणि वरून उकळतं दूध. चोथा तुरट रेणू सोबत घेऊन गाळणीत राहतो आणि खाली नितळ, मऊ चवीचं पेय उतरतं. बिनदुधाची चॉकलेट वाइनही मिळते. तिच्यात फाटण्याचा प्रश्न नाही, पण कोकोतली आणि वाइनमधली पॉलिफेनॉल, म्हणजे टॅनिनसारखी तुरट द्रव्यं, एकाच कुळातली, त्यामुळे साखर कमी पडली तर तुरटपणा दुणावतो. चॉकलेटबरोबर पोर्ट ही गोड वाइन जमते ती याच कारणाने. पोर्ट करताना आंबवण चालू असतानाच द्राक्षांचं 77 टक्क्यांचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं आणि द्राक्षांची बरीच साखर शिल्लक राहते.

फाटलेलं दूध पाहून "विष झालं, अंगावर कोड उठेल" म्हणणारे अजूनही घरोघर आहेत. कोडाचा दुधात आंबट पडण्याशी काडीचा संबंध नाही. कोड उठतो तो शरीराचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशी नष्ट करते म्हणून. आणि पोटातलं आम्ल वाइनपेक्षा कितीतरी तीव्र असतं, तेव्हा प्यालेलं प्रत्येक दूध तिथे फाटतंच. त्याशिवाय ते नीट पचणार नाही. तितकीच खोटी दुसऱ्या टोकाची जाहिरात: कोको आणि लाल वाइन, दोन्ही हृदयाला उत्तम, मग एकत्र दुप्पट उत्तम! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारक 1988 मध्येच ठरवलं आहे. घोटभर चव घ्यायची असेल तर चवीसाठी घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

न पिणाऱ्यांसाठी नागपूरकरांच्या हाताशी याहून चांगलं काही आहे. संत्रं आणि चॉकलेट यांचं छान जुळतं, पण कोकोत संत्र्याचा रस घातला की पुन्हा तेच आम्ल, तोच चोथा. शिवाय आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो. फोडींच्या पापुद्र्यात आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात लिमोनिन या कडू द्रव्याचं एक बिनचवीचं पूर्वरूप असतं. रस काढताना ते आम्लात मिसळतं आणि हळूहळू कडू लिमोनिन तयार होतं. म्हणून रसाच्या वाटेला जाऊच नका. धुतलेल्या संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा नारिंगी थर बारीक किसणीवर हलक्या हाताने किसा, पांढरं येऊ देऊ नका, आणि तो कीस गरम कोकोत टाकून दहा मिनिटं झाकून ठेवा. सुगंधी तेलाच्या ग्रंथी त्या थरातच असतात. रसातलं आम्ल तिथे नसल्याने दूध फाटत नाही. मग गाळून फ्रिजमध्ये गार करा.