बहुमजली घरातले वायफाय गायब होणे

घरच्या वायफायचे नाव फोनच्या किंवा लॅपटॉपच्या यादीतून मध्येच नाहीसे होणे, किंवा एका मजल्यावर दिसून दुसऱ्यावर न दिसणे, हा बहुमजली घरांतला नेहमीचा बिघाड आहे. नाव दिसते पण इंटरनेट चालत नाही, ही तक्रार वेगळी. तिचे मूळ बहुधा फायबरच्या जोडणीत किंवा सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे असते. ही दोन दुखणी आधी वेगळी केली नाहीत, तर राउटर बदलूनही त्रास जात नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी मराठी घरे या बिघाडाला फार सोयीची. तळमजल्याला वालुकाश्माच्या जाड भिंती, लोखंडी गर्डरवर दगडी पाटिया टाकून केलेले छत, आणि त्यावर पुढच्या पिढीने चढवलेले स्लॅबचे मजले. फायबरची तार रस्त्याकडून येते, म्हणून बसवायला आलेला माणूस राउटर बैठकीच्या भिंतीला ठोकून मोकळा होतो. मुलांची अभ्यासाची खोली मात्र वर, गच्चीला लागून. राउटर बहुधा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर, चालतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर लांबीच्या, २.४ गिगाहर्ट्झच्या साडेबारा सेंटिमीटरच्या. दगडात आणि काँक्रीटमध्ये पहिल्या लवकर विरतात. त्यामुळे जिना चढताना ५ चे नाव आधी जाते, २.४ चे तग धरते. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर हा फरक कळत नाही. तपासणीपुरती तरी नावे वेगळी ठेवावीत.

निदानाची सुरुवात राउटरशेजारी उभे राहून करावी. तिथेही नाव जात असेल तर भिंती निर्दोष. अशा वेळी राउटरचे दिवे बघावेत: सगळे एकदम विझून पुन्हा ओळीने लागत असतील, तर राउटर स्वतःच बंद पडून सुरू होतो आहे. याचे कारण पुष्कळदा ॲडाप्टर असतो. मूळचा जळाल्यावर घरातलाच दुसरा लावला जातो. पिन बसते, व्होल्टही १२ असतात, पण ॲम्पियर कमी पडतात आणि चार-पाच उपकरणांचा भार येताच राउटर गपगार. वीज जाऊन इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणीही असेच होते. त्यावर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पुरेसा आहे.

एकाच उपकरणाला नाव दिसत नसेल, तर राउटरला हात लावण्याआधी त्या उपकरणाकडे वळावे. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल, म्हणजे बँडमधल्या ठरलेल्या वाटा, चालतात. अमेरिकेत विकलेली बरीच उपकरणे मात्र ११ पर्यंतच पाहतात. राउटर ‘ऑटो’वर, म्हणजे चॅनल स्वतःच निवडत, असताना तेरावा चॅनल धरतो, आणि मुलाने तिकडून आणलेल्या लॅपटॉपवर नेटवर्क दिसेनासे होते. उरलेल्यांचे फोन व्यवस्थित चालत असतात, म्हणून दोष लॅपटॉपच्या माथी. चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्का केला की प्रश्न मिटतो. वायफाय ६ या नव्या पिढीचा राउटर आल्यावर काही जुन्या लॅपटॉपना त्याचे नाव दिसतच नाही. तिथे वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत करावा लागतो.

फक्त ५ गिगाहर्ट्झचे नाव मिनिटभर किंवा जास्त वेळ जाऊन परत येणे, याचे कारण निराळे. ५२ पासून पुढचे बरेच चॅनल रडारसोबत वाटून वापरलेले आहेत. रडारसारखी स्पंदने जाणवली की राउटरने दहा सेकंदांत तो चॅनल सोडायचा आणि तशाच दुसऱ्यावर जायचे असेल तर आधी साधारण ६० सेकंद नुसते ऐकत राहायचे, असा दंडक आहे. ग्वाल्हेरात महाराजपूरचा हवाई दलाचा तळ असल्याने लगेच तिकडे बोट दाखवायचा मोह होतो. पण राउटर रडार ओळखण्यात चुकतातही. ३६ ते ४८ मधला चॅनल निवडला की शोध घेत बसावे लागत नाही.

उन्हाळ्याचे प्रकरण स्थानिक म्हणावे लागेल. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि ग्वाल्हेरचा मे महिना ४५ च्या वर जातो. गच्चीवरच्या खोलीत बंद कपाटात ठेवलेला एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) दुपारी दम तोडतो आणि रात्री आपोआप बरा होतो.

उपाय म्हणून एक्स्टेंडर लगेच विकत घेतला जातो आणि जिथे रेंज नाही नेमका तिथेच लावला जातो. त्यालाच सिग्नल पोचत नाही, तर तो पुढे काय देणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या मोकळ्या भागात. एकच रेडिओ (लहरी घेणारा आणि पाठवणारा भाग) असलेला एक्स्टेंडर जागेवर लावला तरी वेग निम्म्यावर आणतो. मेशचे, म्हणजे आपसांत जोडून घरभर एकच नेटवर्क करणारे, डबेही पाटियांच्या छतापलीकडून एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत. अशा घरात जिन्याच्या कडेने कॅट ६ लॅन केबल वर नेऊन तिथे स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले नेटवर्क वायफायने देणारा डबा) बसवावा, हेच ठीक. एका केबलची मर्यादा १०० मीटर असल्याने तीन-चार मजल्यांना काहीच अडचण नाही. नाव आणि पासवर्ड खालच्या राउटरचाच ठेवावा, चॅनल मात्र वेगळा.