कुस्तीगिरांनी टीयूईसाठी अर्ज कसा करावा : पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

स्पर्धा आठ-दहा दिवसांवर आली असताना गुडघा सुजला म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यायचे आणि डॉक्टरांनी दिले म्हणजे ते चालतेच असे धरून चालायचे, ही तालमींत सर्रास होणारी चूक आहे. उत्तेजक चाचणीच्या नियमात औषध कोणी दिले याला फारसे महत्त्व नाही. नमुन्यात काय सापडले, याची जबाबदारी मल्लाचीच असते. खऱ्या आजारासाठी बंदी असलेले औषध घेणे भागच असेल, तर त्यासाठी आधी परवानगी मागण्याची रीतसर सोय आहे. तिला टीयूई, म्हणजे उपचारासाठी वापराची सूट, असे म्हणतात. भारतात हा अर्ज राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे करावा लागतो.

सूट मिळण्यासाठी चार अटी आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. आजाराचे निदान झालेले असावे आणि त्याला वैद्यकीय पुरावा असावा. औषधाने प्रकृती पूर्ववत व्हावी, त्यापलीकडे कामगिरीत जादा फायदा होण्याची शक्यता नसावी. त्या आजारावर ते औषध योग्य असावे आणि बंदी नसलेला दुसरा वाजवी पर्याय नसावा. तसेच पूर्वी सूट न घेता केलेल्या बंदी औषधांच्या वापरातून ही गरज उद्भवलेली नसावी. अर्ज बहुधा तिसऱ्या अटीवर अडतात. वजन तोडल्यावर, म्हणजे वजनगटात बसण्यासाठी ते झटपट घटवल्यावर, अंगातले पाणी भरून काढण्यासाठी सलाइन लावणे हे त्याचे ठळक उदाहरण. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदान-तपासणी यांचा भाग नसेल, तर १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेण्यास बंदी आहे, आणि सलाइनची नेहमीची बाटली ५०० मिलिलिटरची असते. तोंडाने पाणी पिता येत असताना दुसरा पर्याय नव्हता, हे अर्ज तपासणाऱ्या डॉक्टरांच्या समितीला पटवून देणे अवघडच. वजन उतरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्यांवर, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइडवर, तर वर्षभर, स्पर्धा असो वा नसो, बंदी असते. वजन तोडण्यामुळे किंवा वयामुळे टेस्टोस्टेरॉन कमी झाले, या कारणावरही सूट मिळत नाही. त्यासाठी ग्रंथींचा प्रत्यक्ष आजार सिद्ध करावा लागतो.

मात्र प्रत्येक औषधासाठी अर्जाची गरज नसते. दम्याच्या मल्लाने साल्ब्युटामॉलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम या मर्यादेत वापरला, तर सूट लागत नाही. इन्सुलिनसाठी मात्र ती लागतेच. सर्वांत जास्त घोळ होतो तो सांध्यांतील इंजेक्शनांचा. ग्लुकोकॉर्टिकॉइड गटाची, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची, इंजेक्शने फक्त स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत आणि हा काळ स्पर्धेच्या आदल्या रात्री ११.५९ वाजता सुरू होतो. औषध शरीरातून जाण्यासाठी किती दिवस धरावेत, हे औषध कोणते आणि ते कुठे दिले यावर अवलंबून असते. सांध्यात दिलेल्या बहुतेक औषधांसाठी ३ दिवस धरतात, ट्रायॅम्सिनोलोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर १०. आणि तेच ट्रायॅम्सिनोलोन कमरेत, म्हणजे स्नायूत दिले, तर थेट ६० दिवस. बाटली तीच, पण गुडघ्याऐवजी कमरेत टोचली की दोन महिन्यांचा प्रश्न होतो. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचे नाव, मात्रा आणि इंजेक्शनची जागा चिठ्ठीवर लिहून घ्यावी. बंदी यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, तेव्हा मागच्या हंगामाच्या माहितीवर विसंबू नये.

राष्ट्रीय पातळीवरच्या मल्लाने नाडाकडे आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या मल्लाने जागतिक कुस्ती महासंघाकडे अर्ज करावा. नाडाने दिलेली सूट परदेशातील स्पर्धेत आपोआप चालत नाही. महासंघाने ती मान्य करावी लागते. स्पर्धाकाळात निषिद्ध असलेल्या औषधासाठी स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज पोहोचला पाहिजे. परिपूर्ण अर्ज मिळाल्यावर डॉक्टरांची समिती साधारणतः २१ दिवसांत निर्णय देते. निर्णय येण्याआधी औषध सुरू केले, तर धोका मल्लाचा.

अर्जाचा काही भाग मल्लाने आणि बाकीचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा असतो. दोघांच्या सह्या लागतात आणि मल्ल अल्पवयीन असेल तर पालकांचीही. डॉक्टरांच्या भागात निदान, औषधाचे मूळ नाव (केवळ कंपनीचे नाव नव्हे), मात्रा, देण्याचा मार्ग, दिवसातून किती वेळा आणि किती काळ, हे सारे लिहावे लागते; शिवाय बंदी नसलेले औषध का चालणार नाही याचे कारणही. सोबत आजाराचा पूर्वेतिहास, तपासणीच्या नोंदी आणि चाचण्यांचे अहवाल जोडावेत : मधुमेहाला रक्तशर्करेचे, दम्याला फुप्फुसांच्या क्षमतेचे, गुडघ्याला एमआरआयचे. ‘पेशंटला या औषधाची गरज आहे’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याने काम भागत नाही. अपूर्ण किंवा न वाचता येणारा अर्ज परत पाठवला जातो आणि त्यात गेलेले दिवस कोणी भरून देत नाही.

अपघात, तातडीची शस्त्रक्रिया किंवा अर्जाला वेळच नसणे, अशा प्रसंगी उपचारानंतरही अर्ज करता येतो. जो मल्ल नियमांनुसार राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीचा नाही, त्याचा नमुना घेतला गेला तर त्यालाही ही मुभा आहे. याचा अर्थ जिल्हा पातळीवरच्या मल्लाने निर्धास्त राहावे असा नाही, कारण तेच चार निकष नंतरही लागतात आणि उपचाराच्या दिवसाचे कागद नसतील तर काहीच सिद्ध होत नाही.

नमुना देताना मागील सात दिवसांत घेतलेली औषधे अर्जावर लिहायची असतात. ती लिहिली म्हणजे सूट मिळाली, असा समज अनेकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. सूट हाती असली तरी नमुना द्यावाच लागतो. मार्च २०२४ मध्ये सोनीपत येथील निवड चाचणीच्या वेळी नमुना न दिल्याबद्दल बजरंग पुनिया यांच्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार वर्षांची बंदी आली. आधीच्या वेळी नमुना घेण्यासाठी मुदत संपलेले किट आणले होते, त्याचा खुलासा हवा होता, हे त्यांचे म्हणणे टिकले नाही.

सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या प्रकरणात तर आजाराचा प्रश्नच नव्हता. २०१६ मध्ये त्यांच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, ही त्यांची बाजू नाडाच्या समितीने १ ऑगस्टला मान्य केली. पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, अपिलावर क्रीडा लवादाने १८ ऑगस्टला, रिओ ऑलिंपिकमधील त्यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली. अशा आरोपाला टीयूई हे उत्तर नाही, आणि पूरक आहाराचे डबे किंवा ताकदीसाठी टोचली जाणारी मेफेन्टरमाइनसारखी इंजेक्शने यांनाही नाही. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वाढवण्याचे औषध आहे. तालमीत त्याची गरज पडण्याचे वैद्यकीय कारण सांगणे कठीण.

अर्ज नाकारला गेला तर नाकारण्याची कारणे लेखी मिळतात आणि अपील करता येते. मंजुरीच्या पत्रात औषध, मात्रा, मार्ग आणि अंतिम तारीख नमूद असते. मात्रा बदलली तर पुन्हा कळवावे लागते आणि मुदत संपली की सूटही संपते, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज त्या तारखेच्या पुरेसा आधी करावा. पत्राची एक प्रत प्रवासाच्या पिशवीत ठेवावी आणि दुसरी वस्तादांकडे.