खरेदीस्थळ मांडणी

ग्राहक दुकानात जिथे वस्तू निवडतो, तिथेच तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठी केलेली स्वतंत्र मांडणी. व्यापारात तिला पीओपी (पॉइंट ऑफ परचेस) डिस्प्ले म्हणतात. जमिनीवरचा स्टँड, रॅकच्या टोकाची मांडणी, गल्ल्याजवळचा काउंटर डिस्प्ले, सुटा माल ओतलेली डंप बिन, फळीच्या कडेला हलणारा वॉबलर हे तिचे नेहमीचे प्रकार. कायमच्या मांडणीसाठी धातू, लाकूड किंवा ॲक्रिलिक वापरतात. काही आठवड्यांच्या मोहिमेसाठी पन्हळी पुठ्ठा पुरतो, आणि आराखड्याचा खरा कस लागतो तो पुठ्ठ्याच्या स्टँडमध्येच.

सुरुवात चित्रापासून नव्हे, वजनापासून करावी. अर्ध्या किलोच्या २४ बाटल्या म्हणजे एका फळीवर १२ किलो. चार फळ्यांचे ४८. भिंतींमध्ये पुठ्ठ्याच्या पन्हळी, म्हणजे आतल्या कागदाच्या लाटा, उभ्याच हव्यात. एका तावात जास्त भाग बसावेत म्हणून भाग आडवा फिरवला, तर तोच पुठ्ठा भाराखाली दुमडतो. फळीत मात्र पन्हळी एका बाजूच्या भिंतीपासून दुसरीपर्यंत जाव्यात. रुंद फळी मध्ये झोळते, तेव्हा पुढच्या कडेखाली धातूची पोकळ नळी घालतात.

स्टँड सहसा पहिल्या दिवशी कोसळत नाही. सततच्या भाराने पुठ्ठा हळूहळू दबतो, आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की त्याची दाब सोसण्याची ताकद साधारण निम्मी उरते. म्हणून प्रत्यक्ष भाराच्या तीन-चार पट ताकद धरणे शहाणपणाचे. फरशी पुसतानाचे पाणी तळाची कड शोषून घेते. तिथे प्लास्टिकची पट्टी लावावी.

छपाईआधी कोऱ्या पुठ्ठ्याचा नमुना कापून, खरा माल भरून काही दिवस उभा ठेवावा. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि चूक कळेपर्यंत हजारो प्रती छापून झालेल्या असतात. खालच्या फळ्या रिकाम्या व वरच्या भरलेल्या ठेवून ढकलूनही पाहावे. विक्रीत अशी स्थिती येतेच, आणि स्टँड उलटण्याचा धोका तेव्हा सर्वाधिक असतो.

वरच्या फलकावर थोडेच शब्द असावेत. तीन मीटरवरून सहज वाचता येण्यासाठी अक्षरे निदान २५ मिमी उंच हवीत. मुख्य माल साधारण १२० ते १६० सेंमी उंचीवर ठेवतात. सर्वांत खालची फळी मागे कललेली असली की उभ्या माणसाला लेबल दिसते. फळीची पुढची पट्टी २–३ सेंमी पुरते. ती वाढवली तर नेमके वस्तूचे नाव झाकले जाते.

जोडणी दुकानातले कर्मचारी करतात, तीही गर्दीत. अवजारांशिवाय, चित्रे पाहून पाच मिनिटांत उभा न राहणारा स्टँड बहुधा गोदामातच पडून राहतो. माल भरूनच पाठवायचा असेल, तर पाया पॅलेटच्या, म्हणजे माल रचून उचलायच्या सपाट चौकटीच्या, मापाचा ठेवतात: ८०० × ६०० किंवा ६०० × ४०० मिमी. चाकाची खुर्ची जाईल इतकी, म्हणजे किमान ९० सेंमी वाट मोकळी राहिली पाहिजे. पुनर्भरणाचा माल कोण, कधी आणणार हेही आराखड्यातच ठरवावे, कारण अर्धा रिकामा स्टँड दुकानदार लगेच हटवतो.