‘नेट स्लो झालंय’ म्हणून मशीन आणण्याआधी हे वाचा

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपची तक्रार एकच असते: नेट स्लो आहे, व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून द्या. मशीन सुरू केलं की उजव्या कोपऱ्यात खालून एकामागून एक चौकोन वर येतात. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले’, ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’, ‘आपण बक्षीस जिंकलात’. ग्राहक घाबरलेले असतात, आणि ते साहजिकच आहे.

पण हा बहुतेक वेळा व्हायरस नसतो. ती तुम्हीच दिलेली परवानगी असते. एखाद्या साइटवर क्रिकेटचा सामना बघायला किंवा पीडीएफ उतरवायला गेलात, तिथे ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलं आणि तुम्ही दाबलंत. खऱ्या रोबोट-तपासणीला अलाऊ दाबावं लागत नाही. त्या बटणाने साइटला नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळते, आणि मग ती साइट बंद असली तरी जाहिराती येत राहतात. त्यावर क्लिक केलं की पुढचं खरं नुकसान सुरू होतं: नको ते सॉफ्टवेअर, किंवा ‘कस्टमर केअर’च्या नावाने पैसे काढणारा माणूस.

उपाय घरीच होतो. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांवरून सेटिंग्ज उघडा. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावांपुढच्या तीन टिंबांवरून ‘ब्लॉक’ करा. नुसतं ‘रिमूव्ह’ केलं तर तीच साइट पुन्हा विचारू शकते. तिथेच कोणत्याही साइटला नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा पर्यायही आहे. घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा मशीन वापरत असतील तर तोच निवडा. अँड्रॉइड मोबाइलच्या क्रोममध्येही हीच सोय आहे.

आम्ही लगेच फॉरमॅट मारत नाही, याबद्दल काही जण नाराज होतात. फॉरमॅटमध्ये टॅलीचा डेटा, प्रिंटरची सेटिंग, फोटो सगळं नव्याने बसवावं लागतं. शिवाय क्रोममध्ये तुमचं खातं सिंक असेल, तर लॉगिन करताच जुनी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर्स) परत येऊन बसतात. म्हणून आधी तपासणी, आणि तिचे पैसे घेतो. कारण शोधण्यातच वेळ जातो. बटण दाबायला नाही.

जाहिरातींनी पानं जड होत असतील तर फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घाला. ते फुकट आहे. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केल्यामुळे तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते. नावात थोडा फरक असलेल्या नकला असतात, म्हणून अक्षरं नीट बघून घ्या. ‘स्पीड बूस्टर’ आणि ‘पीसी क्लीनर’ मात्र मुळीच नकोत. ते काढण्यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

बँक, वीजबिल, सातबारा यांच्या साइट्स दर वेळी सर्च करून उघडू नका. सर्चमध्ये वर दिसणारी लिंक कित्येकदा जाहिरात असते. पत्ता एकदा खात्री करून उघडा आणि कंट्रोल-डी दाबून बुकमार्क करा. बहुतेक सरकारी पत्त्यांच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते आता ‘बँक डॉट इन’वर आले आहेत. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो.

नेट खरंच स्लो आहे का, हे ‘फास्ट डॉट कॉम’वर बघा: एकदा राउटरजवळ, एकदा तुमच्या नेहमीच्या खोलीत. फरक मोठा असेल तर दोष वायफायचा आहे. राउटर टीव्हीमागून किंवा लोखंडी कपाटावरून हलवा. साइट उघडायला सुरुवातीलाच अडखळत असेल तर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सेवा) 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 घालून बघा. प्लॅनचा स्पीड त्याने वाढत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

एवढं करूनही मशीन रखडत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवून घ्या. नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी आम्ही हाच खर्च सुचवतो, आणि काम चालू असताना तुम्ही समोर बसून बघू शकता. येताना चार्जर आणि विंडोजचा पासवर्ड आणा. बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी आम्हालाही सांगू नका. पैसे गेले असतील तर दुकानात येण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.